मामाचं ताट, हिरवा चौकोन

आमच्या घरात एक स्टीलचं ताट आहे. माझ्या लग्नात मामांनी सहा ताटं दिली होती, त्यातलं हे शेवटचं. ताटाच्या आतल्या काठाला ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आहे: 'मंगल परिणयाप्रीत्यर्थ सप्रेम भेट', त्याखाली मामांचं पूर्ण नाव आणि त्याखाली त्यांचं गाव, 'पांढरकवडा'. आमच्याकडे नाव घातल्याशिवाय भांडं देतच नाहीत. दिलं ते दिलं, पण कोणी दिलं हे घेणाऱ्याच्या तीन पिढ्यांना जेवता जेवता वाचता आलं पाहिजे. भाजी संपत आली की मामा दिसायला लागतात.

माझी सून मला मुद्दाम याच ताटात वाढते. मी खाऊन संपवत आले की वाकून बघते आणि म्हणते, "आई, आले का मामा?" आणि तोंड फिरवून हसते. ती का हसते, ते एकदा लिहून टाकते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली आहेत, आता कोणी माझं काही बिघडवू शकत नाही.

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते. म्हणजे गावोगावच्या अंगणवाडी सेविका नीट काम करतात की नाही, हे बघत फिरणारी बाई. माझ्याकडे चोवीस अंगणवाड्या होत्या, अर्ध्या केळापूरच्या बाजूला, अर्ध्या झरी जामणीच्या रानात. मी ज्या दिवसांबद्दल सांगते आहे तेव्हा मी तरुण होते, सत्तावन्नच वर्षांची, आणि फार हुशार होते. इतकी हुशार, की मला कोणी काही शिकवायला लागलं की मी मान हलवायचे, त्याचं बोलणं संपायच्या आतच. ती बाई आज मला रस्त्यात भेटली तर मी तिला आधी एक चापट मारेन, मग चहा पाजेन.

त्या वर्षी सेविकांना खात्याकडून मोबाइल मिळाले आणि रजिस्टरांच्या गठ्ठ्यांवर संक्रांत आली. आम्हाला नवं काम शिकवायला तालुक्याच्या सभागृहात प्रशिक्षण ठेवलं. शिकवायला पुसदकडची एक मुलगी आली होती, पंचविशीची. माझ्या सुनेपेक्षाही लहान. तिने भिंतीवर एक तक्ता दाखवला. आडव्या ओळीत एकेका अंगणवाडीचं नाव, पुढे रिकामे चौकोन.

"हा तक्ता सगळ्यांचा एकच आहे," ती म्हणाली. "तुम्ही तुमच्या गावात बसून यात लिहिलं, की इथे साहेबांनाही त्याच वेळी दिसतं. एकाच पाटीवर सगळ्यांनी लिहायचं, असं समजा."

पाठीमागून तांड्यावरच्या सेविकेने विचारलं, "अन् आपलं लिहिलेलं कोणी पुसून देल्लं तं?"

ही तांड्यावरची सेविका म्हणजे बंजाऱ्यांच्या वस्तीतली, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. चष्म्याच्या वरून बघायची. तिने प्रश्न विचारला की मी घड्याळाकडे बघायचे, कारण तिचे प्रश्न नेहमी बरोबर असायचे.

त्या मुलीने तिला काहीतरी उत्तर दिलं. बराच वेळ दिलं, भिंतीवर काहीतरी उघडूनही दाखवलं. ते मी ऐकलं नाही. कारण नेमकं तेव्हा मला सुचलं, की आपण प्रशिक्षण घेत असल्याचा फोटो अजून सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला नाही. दुसऱ्या पर्यवेक्षिकेच्या बायकांचा गेला होता. मी माझ्या सेविकांना खुर्च्यांवर ताठ बसवलं, वह्या उघडायला लावल्या, एकीला पदर नीट करायला लावला आणि सात फोटो काढले. त्यातला सर्वांत चांगला निवडून खाली लिहिलं, 'प्रशिक्षणात उत्साहपूर्ण सहभाग'. हे होईपर्यंत ती मुलगी पुढच्या धड्यावर गेली होती. प्रशिक्षणात भाग घेतल्याचा पुरावा तयार करण्यात माझं प्रशिक्षण राहून गेलं.

तक्त्यात काय भरायचं, तर पाककृतीचा फोटो. दर महिन्याला प्रत्येक अंगणवाडीत आयांना बोलावून पोरांसाठी काहीतरी पौष्टिक करून दाखवायचं, पोरांना खाऊ घालायचं आणि त्याचा फोटो आपल्या चौकोनात चिकटवायचा. फोटो आला की चौकोन हिरवा. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत नाही आला तर लाल. आणि लागोपाठ तीन महिने लाल राहिला, तर ती अंगणवाडी चालत नाही असं धरून शेजारच्या गावच्या अंगणवाडीला जोडून टाकायचा प्रस्ताव जाणार, असं आमच्या साहेबांनी सांगितलं होतं.

माझ्या चोवीस चौकोनांत तेवीस हिरवे असायचे. एक लाल. तो होता पोडाचा.

कोलाम आदिवासींच्या वस्तीला पोड म्हणतात. हे पोड रानात आत आहे, पंचवीस-तीस घरांचं. तिथली सेविका त्यांच्यातलीच होती. पोरांशी कोलामीत बोलायची, त्यामुळे ज्या पोरांनी मला बघून रडून जीव नकोसा केला असता ती तिच्या वजनकाट्यात आपणहून जाऊन बसायची. माझ्या चोवीस अंगणवाड्यांत सगळ्यांत चांगलं काम तिचं होतं. पण पोडावर रेंज नव्हती. फोटो पाठवायचा तर मागची टेकडी चढून, वर एक मोहाचं झाड आहे, त्याच्या बेचक्यात मोबाइल ठेवून वाट बघायची. दोन महिने तिचे फोटो तारीख उलटल्यावर पोचले होते. आता तिसरा महिना होता.

पोडाची अंगणवाडी बंद झाली असती तर पोरांनी कुठे जायचं, तर तीन किलोमीटरवरच्या गावात, मधला नाला ओलांडून. तीन वर्षांची पोरं नाला ओलांडून जात नसतात. हे मला ठाऊक होतं, साहेबांनाही ठाऊक होतं. तक्त्याला ठाऊक नव्हतं. आणि त्या सेविकेचं काम गेलं असतं ते वेगळंच.

आता मी असं लिहू शकते की मला त्या पोरांची काळजी लागली होती. लागली होती, खोटं नाही. पण साहेबांनी हेही सांगितलं होतं, की ज्या पर्यवेक्षिकेचे सगळे चौकोन हिरवे होतील तिचा मोठ्या बैठकीत सत्कार होईल. माझं नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. सत्काराला नेसायची साडी मी काढून, फॉल लावून, कपाटात सगळ्यांत वर ठेवली होती. काळजी पोरांची होती, घाई साडीची होती.

त्या शेवटच्या दिवशी दुपारी बारापर्यंत पोडाचा चौकोन कोराच. मी म्हटलं, झालं. ही बाई याही महिन्यात राहणार. मग मी ठरवलं, की तिचं काम आपणच करून टाकू.

घरात मोहफुलं होती, मागच्या दौऱ्यात तिनेच बांधून दिलेली. तीळ आणि गूळ घालून लाडू वळले, ज्वारीची भाकर टाकली, शेवग्याच्या पाल्याची भाजी केली. पण फोटो कुठे काढायचा? स्वयंपाकघरात सगळीकडे चकचकीत फरशी. म्हणून मागच्या अंगणात गेले आणि शेण कालवून परातीएवढी जागा सारवली. सून कपडे वाळत घालत होती. ती थांबली.

"आई, हे काय करून राह्यल्या?"

"पोड."

"काय?"

"पोड करून राह्यली. तो कूलर जरा सरकव तिकडे, फोटोत येते."

तिने कूलर सरकवला. माझी सून गुणी आहे, आधी सांगितलेलं काम करते आणि मग बोलते. "अन् हे खोटं नाही का, आई?"

"खोटं कायचं? लाडू खरे, भाजी खरी. जागा तेवढी वेगळी."

"अन् पोरं?"

"पोरं फोटोच्या बाहेर हात धुवाले गेली."

"त्या ताईले एक फोन तं करून पाहा."

"तिले रेंज असती तं मी सारवत बसली असती का?"

ताट घ्यायचं म्हटलं तर घरातल्या नव्या प्लेटांवर गुलाबाची फुलं. त्या पोडावरच्या वाटल्या नसत्या. म्हणून मी मांडणीतलं सगळ्यांत जुनं ताट घेतलं. तेच, मामांचं. त्यावरचं नाव मला दिसलं नाही. पस्तीस वर्षं रोज समोर असलेली गोष्ट दिसेनाशी होते. नवरा असो की ताट.

दीड वाजता मी फोटो पोडाच्या चौकोनात चिकटवला. चौकोन हिरवा झाला. मी खाटेवर बसून त्या हिरव्याकडे बघत राहिले. पेरलेलं उगवलं की बघतात तसं.

पंधरा मिनिटांनी पुन्हा बघितलं, तर माझा फोटो गायब. त्या जागी कसलासा हललेला, काळपट फोटो. एका पोराचा कान, कोणाचं तरी कोपर, खाली पानावर काहीतरी गोल गोल. मला वाटलं, कोणीतरी सेविका चुकून दुसरीच्या चौकोनात शिरली. चोवीस बायकांनी एका पाटीवर लिहायचं म्हटल्यावर कोणाचा तरी हात घसरणारच. मी तो फोटो पुसला आणि माझा लावला.

अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा तोच कान. पुन्हा पुसला. आता मला राग आला. मी ग्रुपवर लिहिलं: 'सर्व सेविकांना सूचना. कृपया दुसऱ्याच्या चौकोनात ढवळाढवळ करू नये. ज्याचा चौकोन त्याची जबाबदारी.' खाली जोडलेल्या हातांचं चित्र. धडाधड अंगठे आले.

तिसऱ्यांदा तो कान आला तेव्हा मी तो पुसतच होते, तेवढ्यात मोबाइल वाजला. पोडावरच्या सेविकेचा फोन. फोटो जात नाही म्हणून रडगाणं गाणार, असं मला वाटलं. तिचंच तर काम करत होते मी. हातातलं काम सोडून तिच्याशी बोलत कुठे बसू? मी फोन कापला.

साडेचारला चौथ्यांदा. पुसला. मग मी ताटासमोरच्या मांजरासारखी तक्त्यासमोर बसून राहिले आणि पाचला दोन मिनिटं असताना हिरव्या चौकोनांचा फोटो काढून ग्रुपवर टाकला: 'चोवीसपैकी चोवीस.' फुलांचे गुच्छ आले, टाळ्या आल्या. साहेबांनीही एक अंगठा दिला. माझ्या आधीच्या सूचनेवर एक शेवटचा अंगठा राहिला होता, तोही आला, पोडावरच्या सेविकेचा. मी मनात म्हटलं, उशिरा का होईना, समजलं तिला.

पाच वाजून दहा मिनिटांनी तांड्यावरच्या सेविकेने ग्रुपवर एक फोटो टाकला. माझाच फोटो, दोन बोटांनी ताणून मोठा केलेला. भाजीच्या बाजूला लाल गोल काढलेला. आणि खाली एकच ओळ:

'पोडावर हे पांढरकवड्याचे पाहुणे कोण?'

मी ताट उचलून बघितलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा नीट वाचलं.

साहेबांनी लिहिलं, 'सोमवारी बैठकीत बोलू.'

ते दोन दिवस मी कसे काढले ते सुनेला विचारा. ती मला गुलाबाच्या प्लेटमध्ये वाढत होती.

सोमवारी सगळ्या सेविका जमल्या. साहेबांनी भिंतीवर तक्ता उघडला, पोडाच्या चौकोनावर थांबले. भिंतीवर मामांचं नाव दारावरच्या पाटीएवढं दिसत होतं. मामा असते तर खूश झाले असते. पण ते कोणाचे मामा, हे अजून कोणाला ठाऊक नव्हतं.

"हा फोटो खोटा आहे," साहेब म्हणाले. "म्हणजे तिसऱ्या महिन्यातही लाल. मी पोडाचा प्रस्ताव पाठवतो. ताई, बोला, हे ताट कोणाचं?"

पोडावरची सेविका उभी राहिली. तिच्या हातात मोबाइलची पिशवी होती, कापडाची, तिनेच शिवलेली. "मले नाही माहीत, साहेब. म्या तं पानावर वाढलं होतं. चार डाव टेकडी चढली, चार डाव फोटो टाकला. खाली येऊन पुन्हा वर जावं तं फोटो गायब. कोणीतरी पुसून राह्यलं होतं."

"मग तुम्ही मॅडमना का नाही सांगितलं?"

"फोन लावला होता ना." मग ती माझ्याकडे बघून घाईने म्हणाली, "मॅडम कामात असतीन. त्याहीचा दोष नाही. त्याहीनं तं ग्रुपवर सूचना बी देल्ली, माह्या चौकोनात कोणी ढवळाढवळ करू नका म्हणून."

ती माझी बाजू घेत होती. तो कान तिच्या पोरांपैकी कोणाचा तरी होता. ते गोल गोल म्हणजे लाडू होते.

मी गप्प बसू शकले असते. ताटावर माझं नाव नव्हतं. पांढरकवड्यात असे मामा पुष्कळ. पण ती अजून उभी होती आणि मी बसले होते, आणि साहेब पेनाचं टोपण काढत होते. मी उठले.

"साहेब, ते माह्या मामाचं ताट आहे."

सगळ्या खुर्च्या माझ्याकडे वळल्या.

"फोटो मीच काढला. माह्या अंगणात. अन् ताईचा खरा फोटो आला तो मीच पुसला. चारही डाव. मले वाटलं, कोणाचा हात घसरला."

साहेबांनी टोपण परत लावलं, पण मान हलवली. "मॅडम, तुम्ही कबूल केलं ते ठीक. पण खरा फोटो आता तक्त्यात नाही. तो पाचच्या आत आला होता, याला पुरावा काय? मी वर काय दाखवू?"

एवढं धैर्य करून उठले, आणि त्याचा पोडाला काही उपयोगच नव्हता. तेव्हा मागून चष्म्याच्या वरून बघणारा आवाज आला.

"साहेब, पुसलेलं जात नाही. मागं जाऊन पाहा. कोणी काय टाकलं, कोणी काय पुसलं, किती वाजता, सारं राहते. त्या पुसदच्या पोरीनं सांगतलं होतं. म्याच विचारलं होतं." ती थांबली. मग अगदी मायेने म्हणाली, "मॅडम तवा फोटो काढून राह्यल्या होत्या."

आधी कोणीतरी एक हसली. मग सगळ्या. साहेबसुद्धा खाली कागदात बघत हसले. तांड्यावरची सेविका पुढे आली, साहेबांच्या हाताखालून तिने तक्त्याची मागची पानं उघडली. भिंतीवर यादी आली. पोडावरच्या ताईने फोटो टाकला, पावणेदोन. त्याखाली माझं नाव, पुसला. तिने टाकला, माझं नाव, पुसला. चार वेळा. माझं नाव एवढं मोठं आणि एवढ्या वेळा त्या सभागृहात कधीच झळकलं नव्हतं. सत्कार म्हणतात तो याहून मोठा नसेल.

मग तिने पहिला फोटो परत चौकोनात आणला. मोठा करून. कान, कोपर आणि पळसाच्या पानावर मोहाचे लाडू. फोटोच्या कोपऱ्यातून एक लहान हात लाडवाकडे येत होता, इतक्या घाईने की तो पुसट झाला होता. पोडाचा चौकोन हिरवा राहिला. प्रस्ताव गेला नाही.

मला सात दिवसांत लेखी खुलासा द्यायला सांगितलं. मी तीन पानं लिहिली, त्यात रेंजची अडचण, शासकीय कामाचा ताण, माझी छत्तीस वर्षांची सेवा, सगळं आलं. सुनेने वाचलं आणि खाली एका ओळीत लिहून दिलं: 'ताट माझे, फोटो माझा, चूक माझी.' मी तेवढंच दिलं. सत्कार दुसऱ्या पर्यवेक्षिकेचा झाला. मी तीच साडी नेसून टाळ्या वाजवायला गेले, फॉल लावलेला वाया कशाला घालवायचा.

त्या सोमवारच्या बैठकीतून बाहेर पडताना मी तांड्यावरच्या सेविकेला गाठलं होतं. "तुले कधी कळलं व, का पुसणारी मीच आहे?"

"दोन वाजता."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"दुपारची मालिका असते ना मॅडम, मंधात कायले बंद करा लागते?" मग ती जरा गंभीर झाली. "मले वाटलं, तुमी सोता सांगसान. नसतं सांगतलं तं म्या सांगतलं असतं."

पुढच्या महिन्यात मी पोडावर गेले. पाककृतीच्या दिवशीच गेले. जेवण झाल्यावर त्या सेविकेबरोबर टेकडी चढले, मोहाच्या झाडापर्यंत. सत्तावन्न वर्षांची तरुण बाई तीन ठिकाणी बसली. वर पोचल्यावर तिने मोबाइल पिशवीतून काढून बेचक्यात ठेवला आणि आम्ही रेंजची वाट बघत बसलो. मला श्वास घेता येईना.

"हे तू त्या दिवशी चार डाव चढली?"

ती म्हणाली, "पाच."

"पाच कायले? फोटो तं चारच डाव टाकला."

तिने पायातला काटा काढला. "चौथ्या डावी खाली उतरली अन् ध्यानात आलं, तुमच्या सूचनेले अंगठा द्याचा राह्यला. साऱ्याइनं देल्ला होता. मॅडमले वाईट वाटन म्हटलं."

बेचक्यातला मोबाइल टुंग करून वाजला. फोटो गेला होता. या वेळी फोटोत मीही होते, पळसाच्या पानावर जेवताना, तोंड भरलेलं. तिने काढला होता, मला न सांगता. खाली तक्त्यात चौकोन हिरवा झाला आणि लगेच ग्रुपवर तांड्यावरून एक ओळ आली:

'मॅडम, मामा नाही आले?'

मी अंगठा दिला. मनापासून दिलेला माझा तो पहिलाच.